टेकडीवरचा अँटेना फिरला

घरामागच्या टेकडीवर माझा अँटेना हळूहळू मान वळवतो, तेव्हा मी हातातलं काम सोडून बघत राहतो.

माझा हॅम रेडिओ, म्हणजे जगभरच्या हौशी लोकांशी बोलायचा बिनतारी संच, घरात आहे, पण अँटेनाची दिशा बदलायला वर जावं लागे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर टेकडी चढणं बंद झालं. तीस वर्षांचं जगाशी बोलणं सुटणार म्हणून मला जेवण जाईना.

मग माझ्या बायकोने, सुनंदाने, वरपर्यंत दीडशे मीटर केबल स्वतः ओढत नेली. आता अँटेनाला बसवलेल्या मोटरला फिरायचा हुकूम घरातल्या कॉम्प्युटरवरून जाणार होता. पण अँटेना ढिम्म! एवढ्या लांबवर जाताना हुकुमाची अक्षरं विस्कटत होती.

सुनंदा पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. म्हणाली, "लांबच्या कॉलला आम्ही सावकाश बोलायचो. तुम्ही फार घाई करताय."

मी संदेशाचा वेग आठपट कमी केला. सुनंदा बघायला टेकडीवर गेली. वरून तिचा आवाज आला, "अहो, फिरला!"

दूरच्या माणसांशीही मी उगाच घाईने बोलत आलो, असं तेव्हा वाटलं.

सुनंदा धापा टाकत घरात आली, तोवर मी आमच्या केबलची हकिकत रेडिओवर कुणाला तरी सांगतही होतो.

"कोण आहे?"

"जपानमधला एक न्हावी," मी ओरडलो, "तुला नमस्कार सांगतोय!"