वाकडा भांग

लाँड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीला लागून, रफूवाल्या बाईंचं टेबल होतं. सिगारेटने पडलेलं भोक असो की कसरीने खाल्लेली बाही, बाई त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढायच्या आणि उभा-आडवा विणून भोक असं बुजवायच्या की नंतर गिऱ्हाईकच कोट उजेडात धरून शोधत बसायचं. वय अठ्ठावन्न, नजर शाबूत, जीभ जरा तिखट. लाँड्रीत त्या रफूवाल्या बाई असल्या तरी घरात त्या धाकटी होत्या. आपली गोष्ट घरातली आहे, म्हणून आपणही धाकटीच म्हणू.

धाकटीचे केस गुडघ्यापर्यंत होते. या वयातही दाट होते आणि पांढरे झाले ते कानांच्या आसपास थोडेसेच. रूप बेताचं, उंची बेताची, नवरा होता तोही बेताचाच. रस्त्यात कुणी वळून पाहावं असं आयुष्यात तेवढं एकच मिळालेलं, आणि ते तिने नीट सांभाळलं होतं.

सांभाळण्याचं सगळं शास्त्र थोरलीचं. थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. दोघा भावांच्या दोन बायका, दोघीही आता विधवा, एकाच घरात. मधे बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना एकेक खोली आणि टोकाला एकच स्वयंपाकघर. गॅसची उजवी शेगडी थोरलीची, डावी धाकटीची. फ्रीजमध्ये वरचा कप्पा हिचा, खालचा तिचा. आणि दोघींमध्ये सहा वर्षं शब्द नव्हता.

म्हणजे थोरली बोलायची, पण भिंतीशी. "सिलिंडर संपत आलाय," असं ती भिंतीला सांगायची. "नळाला उद्या पाणी नाही म्हणे." भिंत ऐकून घ्यायची आणि धाकटी बादल्या भरून ठेवायची. उत्तर मात्र तिने भिंतीलासुद्धा कधी दिलं नाही.

झालं होतं असं. धाकटीचा नवरा गेला, त्याला चार दिवस झाले होते. घर माणसांनी भरलेलं. थोरलीच्या बोलण्याला आधीपासूनच लगाम नव्हता. तिच्या पोटात वाईट नसायचं, पण मनात आलं की ओठावर आलंच. भेटायला आलेल्या बायकांसमोर ती उसासा टाकून म्हणाली, "मला निदान मुलगा तरी आहे हो. हिला कोण आहे?" कळवळूनच म्हणाली होती. पण धाकटी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तांब्या खाली ठेवला, स्वतःच्या खोलीत गेली, आणि त्या दिवसापासून तिने थोरलीशी बोलणं टाकलं.

सगळं तुटलं, एक शनिवारचं तेल तेवढं राहिलं. शनिवारच, कारण रफूच्या कामात तेल म्हणजे वैरी. बोटाला जरासा ओशटपणा राहिला की लोकरीवर डाग उमटलाच. म्हणून शनिवारी संध्याकाळी तेल लावायचं, रविवारी सकाळी केस धुवायचे, म्हणजे सोमवारी हात आणि मान दोन्ही कोरडी. अबोला धरला त्याच महिन्यात धाकटीचा उजवा खांदा धरला होता. वर्षानुवर्षं दिव्याखाली वाकून बसल्याचं फळ. हात कानाच्या वर जाईना. पहिल्या शनिवारी ती तेलाची वाटी मांडीत घेऊन नुसतीच बसून राहिली. मागून थोरली आली, तिने हातातली वाटी काढून घेतली आणि स्टुलावर बसली. नको म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड तर उघडायचं नव्हतं. धाकटीने मान पुढे केली.

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. थोरली खोबरेल तेलाची बाटली गॅसवर कधी धरायची नाही. थंडीत तेल थिजलं की बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करायची आणि वितळलेलं तेल पितळी वाटीत काढायची. केसांचे चार भाग. तळहाताने चोळणं तिला अजिबात मान्य नव्हतं, त्याने केस तुटतात. बोटांची टोकं बुडवायची आणि मुळाशी हळूहळू फिरवायची. मग लांबीला, शेवटी टोकांना. मग रुंद दातांचा कंगवा, तोही खालून वर. बोलणं नसल्यामुळे खुणा ठरल्या होत्या. उजव्या खांद्यावर बोट टेकलं की मान उजवीकडे. हनुवटीला धक्का दिला की वर. पाठीवर दोनदा थोपटलं की झालं, ऊठ. रविवारी केस वाळले की थोरलीच भांग पाडून अंबाडा घालून द्यायची, आणि तो धाकटी आठवडाभर आकड्यांनी जपायची. मग जागा बदलायच्या. थोरली खाली बसायची आणि धाकटी स्टुलावरून, खांदा न उचलता, तिची उंदराच्या शेपटीएवढी वेणी घालायची.

धाकटीच्या मनात दोन तक्रारी होत्या. एक, थोरली डोक्याच्या मागच्या बाजूला, डाव्या कानाच्या जरा वर, एकाच ठिकाणी बोटं फिरवत राहायची. बराच वेळ. म्हातारीला डुलकी लागत असावी. दुसरी, भांग. साठ-पासष्ट वर्षांची बाई, पण हिला सरळ भांग पाडता येत नाही. दर वेळी तिरका, डावीकडून सुरू होऊन भलतीकडेच जाणारा. जन्मभर सरळ धाग्यावर पोट भरलेल्या बाईच्या डोक्यावर असला वाकडा भांग. पण सांगणार कसं? सांगायला बोलावं लागतं.

खरं सांगायचं तर आठवड्यात दुसऱ्या माणसाचा हात अंगाला लागायचा तो तेवढाच. धाकटी हे कुणाशी बोलली नव्हती, स्वतःशीसुद्धा नाही. शुक्रवारपासूनच तिला बरं वाटायला लागायचं, एवढंच.

एका बुधवारी थोरली भिंतीला म्हणाली, "रविवारी सकाळी मुलगा न्यायला येतोय. आता तिकडेच राहायचं." डाव्या शेगडीवर धाकटीचा चहा उतू गेला.

तिने तीन दिवस एक वाक्य तयार केलं. आधी ते मोठं होतं, त्यात राग होता, मग माफी होती. शनिवारपर्यंत घासून घासून एवढंच उरलं, "पोचल्यावर कळवा." शनिवारी संध्याकाळी ती पुढ्यात बसली. थोरलीने चार भाग केले. डाव्या कानाच्या वर बोटं नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरली. मागे थोरलीने एकदा मोठा श्वास घेतला, जसा माणूस काहीतरी बोलायच्या आधी घेतो. धाकटीचाही ओठ हलला. आधी कोण, एवढाच प्रश्न होता. मग पाठीवर दोनदा थोपटलं गेलं.

रविवारी अंबाडा घालून झाला तशी गाडी आली. मुलाने वाकून नमस्कार केला, काकू येतो म्हणाला. थोरली दारात थांबली आणि भिंतीला म्हणाली, "तेलाची बाटली राहू दे इथेच. अर्धी आहे." आणि गेली.

पुढच्या शनिवारी धाकटीने बाटली गरम पाण्यात उभी केली, वाटीत तेल काढलं, जमिनीवर बसली. उजवा हात कानापाशी थांबला. डावा वर गेला पण त्याला काही कळत नव्हतं. तेल कानात गेलं, मानेवरून ब्लाउजमध्ये उतरलं. मागचे केस तसेच कोरडे राहिले. धुतल्यावर त्यांत असा गुंता झाला की कंगव्याचे दोन दात गेले. कसाबसा गोळा करून तिने आकडे खोचले, भांग जमेल तसा मधोमध पाडला, आणि निदान तो सरळ आला याचं तिला तेवढ्यातही बरं वाटलं.

घर तर खायला उठलं होतं. उजवी शेगडी तशीच कोरडी. वरचा कप्पा रिकामा, आणि ती आपलं सामान अजूनही खालच्याच कप्प्यात दाटीवाटीने ठेवत होती. एकदा तिने मोठ्याने म्हणून पाहिलं, "नळाला उद्या पाणी नाही." आपलाच आवाज ऐकून तिला रडू आलं.

तिसऱ्या आठवड्यात लाँड्रीवाला तिच्या टेबलामागे घुटमळला. चांगला माणूस, पण बोलताना सतरा वेळा अडखळणारा.

"बाई, ते जरा डोक्याचं..."

"काय डोक्याचं?"

"मागे म्हणजे... तुमच्या लक्षात आलं असेलच."

धाकटीच्या लक्षात एकच गोष्ट येणं शक्य होतं. "डाग पडला का कुठे? आजवर एका कपड्याला माझ्या तेलाचा डाग लागलेला नाही. दाखवा कुठल्या कोटाला लागला ते."

"तसं नाही हो बाई," तो म्हणाला, आणि इस्त्री तापली का बघायला निघून गेला.

धाकटीने संध्याकाळपर्यंत पाच कोट उजेडात धरून पाहिले. एकावरही डाग नव्हता. पण धसका बसला तो बसलाच. तेल नीट लागत नाही, नीट निघतही नाही, गुंता वेगळाच. आज ना उद्या कुणाचा तरी कोट खराब होणार आणि हे टेबलही जाणार. ते गेलं तर दिवसभर बोलायला लाँड्रीवालासुद्धा उरणार नव्हता. तिने ठरवलं, केस कापून टाकायचे.

रविवारी ती पार्लरमध्ये गेली. पार्लरवाली चुणचुणीत होती. "काकू, एवढे केस? नक्की ना?" असं तिने तीनदा विचारलं.

"खांद्यापर्यंत," धाकटी म्हणाली. "आणि जरा तेल लावून गुंता काढशील का आधी?"

"खोबरेल नसतं आमच्याकडे. तीन प्रकारची सिरम आहेत."

धाकटीला त्या तिन्हींत काही रस नव्हता. पार्लरवालीने आकडे काढले, केस मोकळे केले, आणि तिचे हात थांबले.

"काकू, हे माहीत आहे ना तुम्हाला?"

"काय?"

तिने दुसरा आरसा आणला आणि मागे धरला. घरात एकच आरसा होता, धाकटीने आपलं डोकं मागून आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि केस धुताना चालता असलेला एकटा डावा हात तांब्यातच गुंतलेला असायचा. डाव्या कानाच्या जरा वर चाई पडली होती. पितळी वाटीच्या बुडाएवढी, गुळगुळीत, एकही केस नसलेली. सरळ भांगामुळे ती पूर्ण उघडी पडली होती.

"आत्ताची नाही ही," पार्लरवाली म्हणाली. "बरीच वर्षं झाली असतील. पण केस बघा ना, मुळापासून सगळे डावीकडून तिरके वळलेत, सवय लागलीय त्यांना. कुणीतरी नेहमी यावर आणून बसवत होतं. कोण घालायचं अंबाडा?"

धाकटी आरशात बघत राहिली. ज्या बाईच्या पोटात काही राहत नाही, तिच्या पोटात हे सहा वर्षं राहिलं होतं. भिंतीलासुद्धा तिने सांगितलं नव्हतं.

"कापू ना मग? पण खांद्यापर्यंत केले तर ही झाकणार नाही."

"नको," धाकटी म्हणाली. "वेणी घाल नुसती."

घरी येऊन तिने पुतण्याचा नंबर लावला. सून फोन उचलून म्हणाली, देते हं, आणि मग कुणाचा तरी श्वास ऐकू आला.

"कोण?"

"मी."

मग थोरली म्हणाली, "बरी आहेस ना?"

सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य धाकटीला नीट जमलं नाही. "सांगितलं का नाहीत मला?"

काय, असं थोरलीने विचारलं नाही. "एकदा तोंड उघडलं होतं ना तुझ्याबद्दल," ती म्हणाली. "त्याची सहा वर्षं झाली. परत उघडायची भीती वाटायची गं. शेवटच्या शनिवारी सांगणार होते, पण म्हटलं, जाताजाता कशाला."

"मी तुम्हाला मनात नावं ठेवत होते. भांग वाकडा पाडता म्हणून."

"ठेवणारच. मला येतो की सरळ." थोरली जराशी हसली. "आता अंबाडा कोण घालतं?"

"मीच," धाकटी म्हणाली. "तुमच्या वेणीचं काय तिकडे?"

"कापले माझे केस. सून म्हणाली, सोपं पडेल. वास सहन होत नाही त्यांना तेलाचा. चांगली आहेत सगळी, तसं काही नाही." मग जरा थांबून, "शनिवारी करमत नाही एवढंच."

धाकटीला म्हणायचं होतं, परत या. पण मुलाचं घर सोडून ये असं कुणाला कसं म्हणायचं, आणि तेही आपण.

"कंगवा आहे का हाताशी?" थोरलीने विचारलं. "घे. फोन बाजूला ठेव, त्याचा आवाज मोठा कर. डाव्या कानाच्या वर चार बोटं मोज. तिथे कंगवा टेकव आणि तिरका वर ने, टाळूपर्यंत. दाबून. मग वरचे सगळे केस उचलून मागे आणायचे आणि त्या जागेवरून फिरवायचे. कळलं? कर, मी थांबते."

धाकटीने वेणी सोडली. फोन जमिनीवर ठेवला. उजवा हात कानापाशी थांबला. डाव्याने कंगवा नेला, तो घसरला. पुन्हा नेला, पुन्हा घसरला. केस खांद्यांवरून मांडीत येऊन पडले.

"जमलं?" फोनमधून थोरली म्हणाली.

"जमलं."

"झाकलं गेलं नीट?"

धाकटीने कंगवा मांडीवर ठेवला. "हो," ती म्हणाली, "अगदी तुम्ही घालायचात तसंच."