पनवेलचा वेगळा पत्ता

आमची कंपनी उरणच्या बंदरातल्या मालाची कागदपत्रं करायची. मुख्य ऑफिस मुंबईत, आम्ही मूठभर माणसं पनवेलला. मेल सर्व्हर मी सांभाळायचो. एका सकाळी मुंबईच्या साहेबांचा फोन आला : कंपनीच्या ईमेलमध्ये पनवेलसाठी वेगळा सबडोमेन काढा आणि तुमच्या सगळ्यांचे पत्ते त्यावर न्या.

म्हणजे पत्त्यात @ नंतर कंपनीच्या नावाआधी पनवेल लागणार. काम किचकट नव्हतं. नव्या नावाचे मेल कुठल्या सर्व्हरवर यावेत त्याची नोंद केली, आमचे मेल स्पॅममध्ये पडू नयेत म्हणून आणखी एक-दोन नोंदी केल्या, पत्ते उघडले. पहिला मेल पोचला आणि ऑफिसात कोण आनंद! आजवर आम्ही मुंबईच्या नावाखाली दडलेले, आता पत्त्यातच पनवेल. कोल्हा काकडीला राजी, दुसरं काय! डिस्पॅचच्या ताई करंजाच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. त्या घरातून ऑफिसात नोकरीला लागलेल्या त्या पहिल्याच. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांसाठी तळलेले बोंबील घेऊन आल्या.

"बापाला पत्ता दाखवला," त्या म्हणाल्या. "म्हनतो, तुजं ऑफिस आता मोठं झालं."

काही दिवसांनी मी साहेबांना फोनवर विचारलं, पुण्याच्या ऑफिसलाही असाच सबडोमेन काढायचा का?

"छे, पुणं चालू राहणार आहे," ते सहज बोलून गेले.

मग उलगडलं. आम्हाला वेगळं काढलं होतं ते मोठं करायला नव्हे. ऑफिस बंद करताना बाकी कंपनीला धक्का न लागता आम्हाला छाटता यावं, म्हणून. अंगाचा तिळपापड झाला. मी फोन ठेवला आणि तिथल्या तिथे सगळ्यांना सांगून टाकलं. ताई म्हणाल्या, "मंग काय, तवर काम नाय करायचं?" आणि गिऱ्हाइकांना नवा पत्ता कळवत बसल्या.

शेवटी बंद करायचा दिवस आला. कामं आधीच मुंबईला गेली होती. सांगितल्याप्रमाणे मी सबडोमेनच्या नोंदी काढल्या. इतकी वर्षं हे काम केलं, पण त्या दिवशी ते करताना रडू आलं. बाकीचे निरोप घेऊन गेले, ताई मात्र आपल्या खुर्चीतच होत्या. त्यांनी स्वतःच्या फोनवरून आपल्याच ऑफिसच्या पत्त्यावर मेल पाठवला होता. तो परत आला होता.

"असा पत्ताच नाय म्हनतंय," फोन माझ्यापुढे धरत त्या म्हणाल्या. "मी तर हितंच बसलीय ना, भाऊ?"