खालच्या शेतातले बेडूक गप्प झाले

आज कळंबोलीला जिथे लोखंडाचे ट्रक उभे असतात, त्या बाजूला आमची खाडीकाठची भातशेती होती. मी दुसरी पास. पण बेडकांबद्दल मला कुणी शिकवायला नको. ओरडतो तो नर, गळ्याखालची पिशवी फुगवून. मादी गप्प बसून ऐकते. पाऊल वाजलं की सगळे थांबतात, मग एखादा धीट सुरू करतो आणि बाकीचे त्याच्यामागून.

खाडीचं पाणी अडवणारा बांध तेव्हा दर घराला एक तुकडा असा वाटून दिलेला असे. त्या साली आमच्या वाट्याचा तुकडा मी एकट्याने लिंपला आणि गावासमोर सांगितलं, थेंब गळणार नाही.

आषाढातली अमावास्या. लावणी होऊन आठ दिवस झालेले. संध्याकाळी ओटीवर विडी ओढत होतो. बायको दारात आली.

"अवो, खालच्या शेतानचे बेडूक ओरडत नाय."

"साप फिरत असंल."

"दुपारपासून? तुमचा साप जेवून निजला पन असंल. वरच्या शेतानचे ओरडतान, खालचेच गप."

"मी बांध लिंपलाय. गप बस."

मी दुसरी विडी पेटवली. तिने कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि निघाली. एकटीला कशी जाऊ देणार? गेलो मागून, पण चार पावलं अंतर ठेवून.

माणूस दिसला की बेडूक पाण्यात उडी मारतो. त्या संध्याकाळी माझ्या पायाजवळचा बेडूक उडाला तो पाण्यापासून लांब, बांधावर. तिथे आणखी दहा-बारा चिकटून बसलेले. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, अंगाच्या कातडीने पितो. खारं पाणी त्याला जाळतं. शेतात त्याची पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती.

मी ओंजळभर पाणी जिभेला लावलं. खारट.

चिंबोरीने, खाडीतल्या खेकड्याने, बांध आरपार पोखरला होता, नेमका मी लिंपलेल्या जागी. दुपारच्या भरतीला पाणी आत आलं होतं. पुढची भरती मध्यरात्रीची, अमावास्येच्या उधाणाची. ती आली असती तर बीळ फाटून बांधच गेला असता आणि अख्ख्या गावाचं भात खारात बुडालं असतं.

"हाका मारू का कोनाला?" तिने विचारलं.

"नाय."

तिने फावडं माझ्या हाती दिलं. मग पेंढा आणायला पळाली. मी गुडघाभर चिखलात उतरून बीळ खणत गेलो. ती पेंढा द्यायची, मी चिखलात कालवून पायाने ठासायचो. अंधार पडेपर्यंत बीळ बुजलं. मग वरच्या शेताचा बांध फोडून पावसाचं गोडं पाणी खाली सोडलं.

बांध टिकला. कोपऱ्यातलं भात मात्र पिवळं पडून गेलं. गावाने विचारलं तेव्हा मी सांगितलं, रोपंच वाईट होती.

बायको शेजारीच उभी होती. काही बोलली नाही. पण पुढे पावसाळ्यात दर अमावास्येला, सांज झाली की ती ओटीवर येऊन बेडूक ऐकत बसायची, आणि मी विडी विझवायचो.