अहेर अनाउन्स करू नका

‘अनाउन्स करणं’ आमच्याकडे सगळ्यांना येतं. बालाघाट स्टेशनवर गाडी अनाउन्स होते, धानाची खरेदी ऑटो फिरवून अनाउन्स करतात, माझी मुलगी नवी नोकरी फोनवर अनाउन्स करते. पण या शब्दावर खरा हक्क लग्नातल्या माइकवाल्याचा. कुणी काय अहेर दिला, ते तो अख्ख्या मांडवाला ऐकवतो.

राजेगावजवळ भाचीचं लग्न होतं. तिला शिवणकाम चांगलं येतं, सासरी जाऊनही तिला ते करायचं होतं. म्हणून मी शिलाई मशीन घेतली. वाजतगाजत सांगितली तर मशीन सासरच्या सगळ्या घराची होईल, अशी मला धास्ती. माइकवर वहिनीचा भाऊ होता. त्याला आधीच गाठलं.

“भाऊ, माझा अहेर अनाउन्स करू नका.”

“काहून ताई? लोक म्हनतीन, नोकरीवाली आत्या हात हलवत आली अन् जेवून गेली.”

“म्हनू द्या.”

म्हटलं खरं, पण मला बसवेना. ‘मावशीकडून पाण्याचा पितळी गुंड’ ऐकलं की मान वळायची. उगाच सामानाच्या खोलीकडे चकरा मारल्या. शेवटच्या चकरेला दिसलं, वरपक्षाची माणसं मशीन गाडीत चढवत होती. भाचीची सासू सांगत होती, “ते आमच्या लहान्या पोरीच्या खोलीत जाईन. तिले शिलाईचा क्लास लावाचा आहे.”

स्टेजवरून भाची माझ्याकडे बघत होती. आता मी काय बोलणार? मशीन कुणासाठी आली, ते मांडवात कुणी ऐकलंच नव्हतं.

मी तडक माइकपाशी गेले. “भाऊ, करा अनाउन्स. नवरीसाठी आहे म्हना.”

“आता? पंगत बसली ना ताई.”

“जेवताना कान बंद नसतात.”

त्यानं पान गालात सारलं. “आत्याकडून नवरीले शिलाई मशीन. नवरी स्वतः शिवते. सासरच्या बायांनो, ब्लाउज तिच्याकडेच टाका.” शेवटचं त्याचं स्वतःचं.

पंगतीतून एकीनं सासूला विचारलं, “हौ का वो? फॉल-पिकोबी करते का सून?”

सासूनं गाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, “घरात त येऊ द्या आधी.” आणि गाडीपाशी जाऊन सांगितलं, “ते मशीन सुनेच्या सामानात ठेवा रे.”

मी पंगतीत बसले. वरण गार झालं होतं.