तिची शाळा सुटली

परळची आमची चाळ आता पाडणार आहेत. त्याआधी मंडळाने एक स्मरणिका काढायची ठरवली आणि मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं म्हणून पहिला लेख माझ्याकडे आला. "सर, जुन्या आठवणी. दोन पानं. जरा हलकंफुलकं लिहा," असं मंडळाच्या चिटणीसाने जिन्यातच सांगून टाकलं. मी हो म्हटलं. या वयात नाही म्हणायलाही जोर लागतो.

विषय आईच्या खानावळीचा घेतला. बायकामुलं कोकणात आणि आपण इथे गिरणीत, असे पुरुष आमच्या एका खोलीत दोन्ही वेळा जेवायला यायचे. पाळी सुटेल तशा पंगती उठत. बांगड्याचं तिखलं, जाड्या तांदळाचा भात, भिंतीला टेकून ठेवलेली ताटं, हे सगळं भराभर लिहून झालं. मग एक वाक्य आलं. 'वडील आजारी पडले, खानावळ वाढली आणि धाकट्या बहिणीची शाळा सुटली.'

तिथे पेन थांबलं. वाक्यात चूक काहीच नव्हती. मुलांच्या वहीत असतं तर बरोबरची खूण करून पुढे गेलो असतो. पडले, वाढली, सुटली. तीन क्रियापदं, आणि तिन्हींत कोणी काही केलेलं नाही. जे झालं ते आपोआप झालं.

हे वाक्य माझं एकट्याचं नाही. आमच्या घरात ते वर्षानुवर्षं वापरात आहे. आई म्हणायची, चाळ तोंडावर म्हणायची, बहिणीला बघायला डिलाईल रोडहून माणसं आली तेव्हा मीही म्हटलं होतं. शाळा सुटली म्हणजे काय, हे कोणी कधी विचारलं नाही.

मी ते दुरुस्त करायला बसलो. 'तिला शाळा सोडावी लागली.' कोणामुळे, ते नाही. 'आम्ही तिला शाळेतून काढलं.' आम्ही हा शब्द फार ऐसपैस आहे, त्यात मेलेली माणसंही मावतात. शेवटी लिहिलं, 'मी तिला शाळेतून काढलं.' आणि मग जे मुलांना इतकी वर्षं फळ्यावर शिकवलं तेच पुन्हा समोर आलं. असलं भूतकाळी वाक्य आपल्या भाषेत कर्त्याकडे बघत नाही. मी काढलं, त्याने काढलं, आईने काढलं, काळाने काढलं. 'काढलं' तसंच राहतं. माणूस बदलला तरी क्रियापदाला पत्ता नसतो. एक समोरचा माणूस तेवढा त्यातून सुटत नाही. तू काढलंस. तो शेवटचा 'स' त्याला धरून ठेवतो. मुंबईची मुलं हल्ली तो 'स' बोलताना खातात, 'तू केलं, तू दिलं' म्हणतात, आणि मी त्याखाली लाल रेघा मारत निवृत्त झालो.

घडलं होतं ते असं. कापसाच्या धुळीने वडिलांची छाती भरली आणि ते गावी गेले. मी कॉलेजात होतो, बहीण नववीत. आईला एकटीला खानावळ झेपेना. ती म्हणाली, "दोगांतला एक कोणतरी घरात होया माका." कोण ते तिने सांगितलं नाही. बहीण चार दिवस म्हणून घरी राहिली, चाराचा महिना झाला. एका दुपारी तिच्या वर्गाच्या बाई आमचं दार शोधत आल्या. आई बाजारात गेली होती. बहीण मोरीत ताटं घासत होती. मोरीला कमरेएवढा कठडा होता, खाली बसलेलं माणूस दारातून दिसत नसे.

बाई म्हणाल्या, "उद्यापासून पाठवा तिला. हजेरीचं मी बघते. नाहीतर नाव कमी होईल, आणि अशी मुलगी घालवायला नको."

ती गेली असती तर ताटं आणि गिरणीच्या दारावर पोचवायचे डबे माझ्याकडे आले असते. मी म्हणालो, "ती गावी गेली. वडिलांजवळ. आता नाही येणार."

मोरीतला ताटांचा आवाज थांबला. बाईंनी पाणी मागितलं, मी दिलं. त्या गेल्यावर आवाज पुन्हा सुरू झाला. आई आल्यावर तिला सांगितलं की शाळेने नाव काढलं. आईने ते खरं मानलं. चाळीने मात्र मानलं नाही. खानावळीसाठी आईनेच पोरीला घरी बसवलं, असं बायका नळावर बोलत. आई ते ऐकून घेई. वारली तेव्हाही तेच बोलणं तिच्या नावावर होतं.

लेख घेऊन मी शीवला बहिणीकडे गेलो. तिच्याबद्दलचं तिला न विचारता छापणं बरं नव्हतं. खरं सांगायचं तर एकट्याने लिहायचा धीर नव्हता. घरात ती एकटीच होती, पलंगावर पेपर पसरून लसूण सोलत बसली होती.

"ये दादा. काय, वजन उतरलं की शर्ट मोठा घेतलायस?"

"दोन्ही," मी म्हटलं, आणि लेख वाचायला लागलो. खानावळीचं ऐकून ती हसली. एक गडी ताटाखाली मासळीचे काटे लपवून दुसरी तुकडी मागायचा, त्याची नक्कल करून दाखवली. मग मी ते जुनं वाक्य वाचलं.

"सुटली?" ती म्हणाली. "घंटा झालेली काय?"

मी पान उलटलं आणि दुसरं लिहिलेलं वाचलं. बाई आल्याचं, आई बाजारात गेल्याचं, मी बोललो त्याचं. ती लसूण सोलतच होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "तू सांगितलंस. मी मोरीत होते. हातात ताट होतं, ते तसंच धरून बसले."

इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदा म्हटलं.

"तेव्हाच उठून बाहेर का नाही आलीस?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तू खोटा पडला असतास ना. बाईंसमोर." तिने सालं गोळा केली. "वाटलं, आज जाऊ दे. बाई परत येतील, तेव्हा आये घरात असेल, आपण बोलू. मी रोज दुपारी त्या वेळेला केस विंचरून बसायचे रे. शाळेचा फ्रॉक घालून. आये म्हणायची, खंय लग्नाक चललंस?"

मी लेखाची पानं जुळवत राहिलो.

"नाही आल्या," ती म्हणाली. "मग मी धरून चालले, आपण काय एवढ्या हुशार नव्हतो. असतो तर आल्या असत्या. पोरांच्या अभ्यासाला कधी बसले नाही मी त्यामुळे. म्हटलं, आपल्याला काय येतंय."

लेखात जे लिहिलं होतं तेवढंच कबूल करायला मी आलो होतो. तेवढ्याने भागेल असं वाटलं होतं. तिला वाटतंय ते तसंच राहू दिलं असतं तर तिला कधी कळलंही नसतं, बाईही आता हयात नसणार.

"आल्या होत्या," मी म्हणालो.

तिचा हात थांबला.

"आठवड्याभराने. मी डबे पोचवून येत होतो, त्या जिन्याशी भेटल्या. तुझ्यासाठी पुस्तकं आणली होती, कोणाची तरी जुनी. म्हणाल्या, गावी पाठवा, परीक्षेला तरी येऊ दे तिला. मी म्हटलं, तिचं लग्न ठरलंय."

"पुस्तकं?"

"परत नेली त्यांनी."

"डबे तर तरीही तुझ्याकडेच आले," ती म्हणाली. "तेवढं तरी करायचासच. मग कशाला रे?"

 ताटं घासायची लाज वाटली असेल. कॉलेजात कोणाला कळेल म्हणून असेल. एवढ्यासाठी, असं म्हणायलाही जीभ वळत नाही.

तिने पेपर गुंडाळून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आयेचं आधी लिही. तिला माहीत नव्हतं, हे सगळ्यात वर लिही. नळावरच्या त्या बायका गेल्या, पण त्यांच्या सुना आहेत अजून चाळीत. त्यांना वाचू दे. आणि बाई दोनदा आल्या, हे लिही."

"तुझं नाव नाही घालत."

"नको घालूस. पण दोनदा आल्या, हे घाल."

तिने चहाचं विचारलं नाही, मीही मागितला नाही. एरवी ती लिफ्टपर्यंत येते. आज पलंगावरूनच म्हणाली, "दार ओढून घे."

खाली बसस्टॉपवर परळची बस येईपर्यंत मी लेखाचं पहिलं पान खोडलं. चिटणीसाला हे हलकंफुलकं वाटणार नाही. छापायचं तर सगळं छापा, नाहीतर काहीच नको, असं त्याला सांगणार आहे. वर लिहिलं: माझ्या आईने मुलीला शाळेतून काढलं नाही. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. बहिणीच्या वर्गाच्या बाई तिला न्यायला दोनदा आमच्या चाळीत आल्या, आणि दोन्ही वेळा मी त्यांना परत पाठवलं.