टायगरचे दहा दिवस

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि आमच्या कुंदासमोर तर विषयच काढायचा नाही. एवढी वर्षं झाली, दूध पिशवीतून यायला लागलं, तरी अजून दूध आणायला निघालो की ती माझ्या पोटरीकडे बघते आणि तोंडाला पदर लावते.

तेव्हा दूध काचेच्या बाटल्यांत मिळायचं. आम्ही बोरिवलीला एका बैठ्या चाळीत नुकतेच राहायला आलो होतो. खोल्या सात, आणि जनावरं विचारू नका! पहिल्या खोलीत पोपट. तिसरीत एक मांजर, तिचं वर्षभर बाळंतपणच चाललेलं. शेवटच्या खोलीत बदकांची जोडी, ती नळावर आपलाही नंबर असल्यासारखी बायकांच्या रांगेत उभी राहायची. बिनजनावराचं घर एकच, आमचं. मी तसं बोलून दाखवलं की कुंदा म्हणायची, "आपल्याला कशाला हवंय? तुम्ही आहात ना!"

आमच्या शेजारी लक्ष्मणकाका. मूळचे मनोरीचे कोळी, गोदीतून रिटायर झालेले, एकटे. म्हणजे एकटे नव्हे, त्यांच्याकडे टायगर होता. काळा, दांडगा, आणि सदा आमच्या दोघांच्या दारांमध्ये आडवा पसरलेला.

मला कुत्र्यांची भीती वाटते. तुम्हाला वाटते तशी नाही, फार! टायगरवरून जायचं म्हणजे मी डोळे मिटून, भिंतीला पाठ घासत जायचो. शर्टाच्या पाठीला कायम चुना. शेवटी एक दिवस वैतागून मी घरमालकाला अर्ज केला, 'सदर हिंस्र श्वानाचा तातडीने बंदोबस्त व्हावा.' मालकाने काय करावं? तो अर्ज सरळ लक्ष्मणकाकांच्या हातात दिला. तेव्हापासून काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

आता मुख्य भानगड.

शुक्रवार होता. पहाटेच्या अंधारात मी दूध केंद्रावर निघालो. हातात तारेची जाळी, जाळीत चार रिकाम्या बाटल्या, आणि मागून कुंदाचं पालुपद, "अहो, ती जाळी एकदा वर्कशॉपात नेऊन डाग मारून आणा. साकीनाक्याला एवढं वेल्डिंगच्या वर्कशॉपात काम करता आणि घरची जाळी तुटकी!" मी नेहमीसारखं "हो हो" केलं आणि बाहेर पाऊल टाकलं. ते नेमकं टायगरच्या शेपटीवर पडलं.

तो भुंकला. मी किंचाळलो. तो पळाला. मीही पळालो. आणि पळता पळता मागून पोटरीत कचकन दात बसले!

वर्कशॉपात साधा क्लार्क मी, पण त्या दिवशी आख्ख्या गल्लीत माझ्यापुढे कुणी गेलं नसतं. केंद्रापाशी पोचून पाहिलं तर पायजमा फाटलेला आणि पोटरीवर चार भोकं, रक्त येतंय. घरी आलो तर कुंदाने मला बसवलं आणि जखमेवर हळद आणि चुना असा काही थापला, की डॉक्टरांना दाखवायला उरला तो फक्त एक तांबडा गिलावा.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी गिलाव्याकडे बघितलं.

"कुत्राच चावला ना?"

"मग काय डॉक्टर! चांगला ओळखीचा आहे."

"ओळखीचा आहे? मग असं करा, दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. दहा दिवस ठणठणीत राहिला तर तुम्हाला काही नाही."

"आणि नाही राहिला तर?"

"मेला, पिसाळला किंवा बेपत्ता झाला, तर इंजेक्शनं. चौदा."

"दंडात?"

"पोटात," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आजच्या डॉक्टरांना हे सांगाल तर ते अंगावर धावून येतील. आता म्हणे लगेच लस घ्यायची असते आणि तीही दंडात. पण तेव्हा चौदा म्हणजे चौदा, आणि पोटात म्हणजे पोटातच! मी घरी आलो ते पोट दोन्ही हातांनी धरूनच.

आता माझी अडचण लक्षात घ्या. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. चाळीत नुसतं कळलं असतं, की टायगर चावतो, तर कुणीतरी त्याला काठीने बडवला असता, नाहीतर म्युनिसिपालिटीची कुत्र्यांची गाडी बोलावली असती. टायगर गेला, की माझ्या पोटात चौदा! ज्याचा बंदोबस्त करा म्हणून मी अर्ज केला, तो आता जगलाच पाहिजे होता. कुंदाला मी तिच्या मंगळसूत्राची शपथ घातली.

"तुम्ही पिसाळलात तर शपथ सुटते ना?" ती म्हणाली.

"कुंदा, थट्टा करू नकोस!"

"थट्टा नाही हो, विचारून ठेवते." एवढं बोलून ती आत गेली आणि मोरीत तोंड धूत राहिली. तिचे डोळे लाल झालेले मला दिसले. तीही घाबरली होती बिचारी.

दुसऱ्या दिवसापासून माझी ड्युटी सुरू. पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो, हे सगळ्यांनाच माहीत. मी वाटीभर पाणी टायगरसमोर ठेवलं आणि लांब खांबामागे उभा राहिलो. टायगरने पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि तोंड फिरवलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं!

"त्याला तहान नसेल हो," कुंदा म्हणाली. दहा मिनिटांनी मी दुसरी वाटी ठेवली. मग तिसरी. मग वाटीचा रंग आवडला नसेल म्हणून पितळी तपेली. सहाव्या खेपेला तो उठला, लपलप करून पाणी प्यायला, आणि मी बाहेरच्या बाहेर बदकांना नमस्कार केला. समोर तीच होती, काय करणार!

लक्ष्मणकाका दारात बसून हे सगळं बघत होते. अर्ज केल्यापासून पहिल्यांदाच बोलले, "काय रं परबा, आज माज्या टायगरची सेवा कशी काय?"

"मुकं जनावर आहे काका, दया येते."

"हां," काका म्हणाले. त्या 'हां'मध्ये दयेचा अंशही नव्हता.

गुरुवारी सकाळी पाहतो तर टायगरच्या तोंडातून लाळ! तार लागलेली! मी तसाच दवाखान्यात धावलो.

"डॉक्टर, लाळ गळते."

"तुमची?"

"कुत्र्याची!"

"लक्ष ठेवा. खातोय ना नीट?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खातो की नाही? त्याच संध्याकाळी मी मटणवाल्याकडून चांगली नळीची हाडं आणली आणि कागदावर मांडून टायगरपुढे सरकवली. टायगर आला. त्याने वास घेतला. एक हाड चाटलं. माझ्याकडे असं काही दुःखी तोंड करून बघितलं, की मला गलबलून आलं. आणि हाडं तशीच सोडून तो निघून गेला.

अन्न सोडलं! संपलं! मी तिथेच उंबऱ्यावर बसलो.

"हाडकांना काय लावलंयस?" मागे लक्ष्मणकाका उभे होते.

"काही नाही हो काका!"

"त्याला मारायला कागद लिवणारा तू. आन आता मटनाची हाडकं घालतोस? मना काय येडा समजतोस? काय नाय लावलं ना, मग चाटून दाखव!"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? खरं सांगावं तर टायगर मरतो, न सांगावं तर मी विषप्रयोग करणारा ठरतो. सगळी चाळ दारांत उभी. पोपटसुद्धा गप्प. मी एक हाड उचललं, डोळे मिटले आणि चाटलं. टायगरने नुकतं चाटलेलं तेच हाड होतं, हे मला नंतर आठवलं. त्या रात्री मी सोळा वेळा चुळा भरल्या.

काकांचं मात्र समाधान झालं नाही. शनिवारी सकाळी बघतो तर दारात टायगर नाही!

"गेला मनोरीला, माज्या भैनीकडं," काका माझ्याकडे रोखून बघत सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाले. "हितं त्याच्या जिवाला धोका हाय."

मेला, पिसाळला किंवा बेपत्ता झाला! आठ दिवस मी त्या कुत्र्याला डोळ्यांत तेल घालून जपलं आणि नवव्या दिवशी तो माझ्या नजरेआड? ते काही नाही! कुंदा म्हणाली, "जा, डोळ्यांनी बघून या. आणि दूध घेऊन जा, दूध तरी पिईल बिचारा."

रविवारी केंद्रावरून आणलेल्या दोन भरलेल्या बाटल्या जाळीत घेऊन मी निघालो. मालाडला उतरलो, बसने मार्व्याला गेलो, तिथून होडीने पलीकडे. होडीत एका बाईने विचारलं, "पावनं, दूध कुनाला? कुनी आजारी हाय?"

"अजून कळायचंय," मी म्हणालो.

मनोरीत बोंबील वाळत घातलेले, त्यांच्या वासातून विचारत विचारत काकांच्या बहिणीचं घर गाठलं. जनाबाय अंगणात बसून मासळी निवडत होत्या. शेजारी लक्ष्मणकाकाही होते, तेही रविवारचे कुत्र्याला भेटायला आलेले. आणि पडवीत, पाय ताणून, जीभ बाहेर काढून, निपचित पडलेला टायगर!

"मेला!" मी ओरडलो. "काका, टायगर मेला हो!" आणि खरं सांगतो, जाळी हातात तशीच धरून मी त्याच्यापाशी बसलो आणि रडायला लागलो. पोटासाठी रडलो असं तुम्हाला वाटेल. निम्मा पोटासाठी, कबूल. पण इतके दिवस ज्याला पाणी पाजलं, त्याच्यासाठीही रडलो हो मी. आयुष्यात पहिल्यांदा मी कुत्र्याला हात लावला, तो असा.

टायगरने एक डोळा उघडला. जांभई दिली.

काका ताडकन उठले. "तू हितं पन आलास? काय हाय त्या बाटल्यांत?"

माझा बांध फुटला. "काका, तो मला चावला! त्या शुक्रवारी! मी कुणाला सांगितलं नाही, गाडीवाले त्याला नेतील म्हणून! आज दहावा दिवस आहे. तो लाळ गाळतो, हाडं खात नाही, आणि मला चौदा इंजेक्शनं नकोत हो पोटात!"

मग जनाबाय खुदकन हसल्या. "चावला? ह्यो?" त्या उठल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी टायगरचा जबडा उघडून माझ्या नाकासमोर धरला. "बग बाबा, नीट बग."

मी बघितलं. आत गुलाबी हिरड्या. वर हिरड्या, खाली हिरड्या. दात एकसुद्धा नाही!

"चौदा वर्सांचा म्हातारा हाय तो," काका म्हणाले. "दोन वर्सं झाली, भात कुस्करून घालतो त्याला. लाळ गळंल नाय तर काय व्हईल? हिंस्र श्वान म्हनं!"

"मग मला चावलं कोण?" असं म्हणत मी चटकन उठून मागे सरलो. हातातली जाळी मागे झुलली. आणि पोटरीत, नेमकं त्याच जागी, कचकन दात बसले!

मी वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. जाळीच्या तळाच्या चार तारा सुटून, वाकून, बाहेर आल्या होत्या. एकीच्या टोकाला माझ्या पायजम्याचा धागा लोंबत होता.

काका आधी वाकून वाकून हसले, मग माझ्या पाठीवर थाप मारून त्यांनी मला जेवायला बसवलं. बोंबलाचं कालवण होतं. दूध टायगर प्यायला. संध्याकाळच्या होडीने आम्ही तिघं परत आलो. टायगर सबंध वेळ माझ्या पायावर डोकं ठेवून होता आणि माझा पायजमा लाळेने भिजला होता. मला त्याचं काही वाटलं नाही.

सोमवारी डॉक्टरांना आनंदाने सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तार गंजकी होती?"

"होती थोडी."

"मग धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल." मी पोट धरलं. "पोटात नाही हो," ते म्हणाले, "पालथे झोपा."

कंबर चोळत बाहेर आलो तर दवाखान्याच्या दारात लक्ष्मणकाका, टायगर, कुंदा आणि निम्मी चाळ उभी. काकांच्या हातात आमची जाळी.

"परबा," काका अगदी गंभीरपणे म्हणाले, "आता धा दिस हिच्यावर नजर ठेव. पानी दाखव रोज. पिसालली तर आमाला सांग."

हसू नका म्हटलं होतं ना! त्याच दिवशी जाळी वर्कशॉपात नेऊन डाग मारून आणली, खिळ्याला टांगली. आणि आता तुमच्यापासून काय लपवायचं... दहा दिवस जाता-येता ठेवली मी तिच्यावर नजर.