बर्फाचं टाचण आणि केळीचा घड

भुसावळच्या मे महिन्यात खेळाडूंना थंडी बाधू नये म्हणून काय काळजी घ्यावी, हे मी रग्बीच्या लेव्हल तीन कोचिंग कोर्सच्या अर्जात सविस्तर लिहून पाठवलं. मैदानावर बर्फ साचला असेल तर सराव पुढे ढकलावा, असंही त्यात होतं. शेवटच्या ओळीत खेळाडूंना गरम सूप देण्याची सूचना होती. खाली माझी सही आणि शाळेचा शिक्का.

हे कसं झालं ते सांगतो. मी एकवीस वर्षं शाळेत पी.टी.चा शिक्षक आहे. शिक्षकाला टाचण काढावं लागतं, म्हणजे उद्या वर्गात काय शिकवणार ते आज वहीत लिहायचं. आमच्याकडची रीत अशी की टाचण आयुष्यात एकदाच काढायचं. पुढच्या वर्षी तारीख बदलून तेच उतरवायचं. बदली होऊन नवा माणूस आला की जुना माणूस आपली वही त्याला मायेने देतो. तपासणारे साहेब याच वाटेने वर गेलेले असतात, ते पानं मोजतात आणि सही करतात.

अर्जात ‘सेशन प्लॅन’ मागितला होता, म्हणजे तासाभराच्या सरावाचा आराखडा. मला ते टाचणच वाटलं. इंटरनेटवर कुठल्याशा गार देशातल्या कोचचा सुंदर प्लॅन सापडला. मी नाव बदललं, तारीख बदलली, मैदान बदललं. हवामान बदलायचं राहून गेलं.

आता हा कोर्स मला कशाला हवा होता, तेही सांगायला हवं. लेव्हल एकचा कोच मुलांना इजा न होता खेळवतो. लेव्हल दोनचा कोच संघ बांधतो. लेव्हल तीनचा कोच दुसऱ्या कोचना तयार करतो. जळगाव-धुळ्याकडे असा कोच मला तरी माहीत नव्हता. त्यामुळे आमच्या शाळांमधले शिक्षक टॅकल शिकवायलाच घाबरायचे. टॅकल म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला मिठीत धरून खाली आणणं. आमच्या मुली वर्षभर नुसता हात लावून थांबवायचा खेळ खेळायच्या, आणि राज्य स्पर्धेला गेल्या की पहिल्याच मॅचमध्ये समोरच्या पोरी त्यांना लोळवायच्या. लागोपाठ तीन वर्षं मी हे बाहेरच्या रेषेवर उभा राहून पाहिलं होतं. अर्ज नाकारला गेला तर पुन्हा दोन वर्षं भरता येत नव्हता.

चौथ्या दिवशी फोन आला. असेसर होत्या, म्हणजे कोचची परीक्षा घेणाऱ्या. कारखानीस मॅडम. स्वतः बरीच वर्षं खेळलेल्या, आवाज शांत.

“सर, भुसावळला आज टेम्परेचर किती आहे?”

“चव्वेचाळीसच्या आसपास असेल, मॅडम.”

“आणि मैदानावर बर्फ?”

मला तेव्हा कळलं. “सध्या नाही,” मी म्हणालो.

“सूप कुणी करतं?”

“मॅडम, चूक झाली. प्लॅन उतरवलेला आहे.”

“ते मला दुसऱ्या पानावरच कळलं. पुढची पानं गंमत म्हणून वाचली.” मग म्हणाल्या, “शनिवारी नागपूरहून येतेय. भुसावळला उतरून धुळ्याला कॅम्पला जायचंय. सकाळी सहा ते सात एवढाच वेळ माझ्याकडे आहे. आधी कधीच टॅकल न केलेल्या बारा मुली उभ्या करा आणि शिकवून दाखवा. कागद आणू नका.”

मी तडक ललिताला फोन लावला. ललिता चौधरी माझ्याच हाताखाली खेळली, पुढे बी.पी.एड. केलं, आणि आता आमच्या उन्हाळी शिबिराची सहायक कोच आहे. घर रावेरकडच्या केळीच्या पट्ट्यात. सगळं एका दमात सांगून टाकलं. ती हसत होती.

“सर, आम्ही परीक्षेत उतरवलं तर तुम्ही मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावायचे.”

“हो.”

“मग शनिवारी मॅडम यायच्या आत मारून घ्या.”

शनिवारी पावणेसहालाच मॅडम रेल्वे कॉलनीमागच्या मैदानावर हजर. खांद्याला एक पिशवी, हातात घड्याळ. बारा मुली रांगेत. कडेला ललिताच्या वडिलांची पिकअप उभी होती. त्यांना सगळे नाना म्हणतात. नाना दर शनिवारी लेकीला सोडायला येतात आणि व्यापाऱ्याने वाकडा म्हणून बाजूला काढलेला केळीचा एक घड संघासाठी घेऊन येतात. तो आमच्या क्रीडा साहित्याच्या खोलीत बॉलच्या जाळीशेजारी टांगलेला असतो. आठवडाभरात पिकतो, दोन दिवसांत संपतो.

मी सुरुवात केली. कागद आणू नका म्हटल्यामुळे मी सगळं पाठ करून आलो होतो. खांद्याचा कोन, पावलांतलं अंतर, गुरुत्वमध्य. मुली माना डोलावत होत्या. मी एकवीस वर्षं वर्गात उभा आहे, पण माना डोलावणं म्हणजे समजणं नव्हे हे मला अजून दरवेळी नव्याने कळतं. प्रत्यक्ष करायची वेळ आली तेव्हा पहिल्या मुलीने डोळे घट्ट मिटले आणि समोरच्या मुलीची जर्सी पकडली. दोघी कोपरांवर आपटल्या. आमचं मैदान काळ्या मातीचं, मेमध्ये फरशीसारखं टणक. उरलेल्या दहा जणी न सांगता एक पाऊल मागे सरकल्या.

मॅडमनी घड्याळात पाहिलं. सतरा मिनिटं झाली होती.

मी पुन्हा कोनाकडे वळणार, तेवढ्यात ललिता जवळ आली आणि हळूच म्हणाली, “सर, यांना पकडायची भीती नाहीये. पडायची आहे. मी बघू का?”

इथे मी या तासातलं एकमेव शहाणपणाचं काम केलं. बाजूला झालो.

ललिताने आवाज दिला, “नाना, घड घेऊन या ना जरा.”

नाना साठीचे, अंगाने काटक. पिकअपमधून घड खांद्यावर घेऊन आले. “काय व पोरी, आज आताच खाता का?”

“खायचा नाही. खाली ठेवून दाखवा. बागेत ठेवता तसा.”

बारापैकी निम्म्या मुली केळी पिकवणाऱ्या गावांतल्या. त्यांनी हे शंभरदा पाहिलेलं, तरी सगळ्या जवळ सरकल्या. नानांनी घड खांद्याला घट्ट लावला होता, डोकं एका बाजूला, गाल घडाला टेकलेला, दोन्ही हात आवळलेले. आधी गुडघे वाकले. मग कंबर. घड आडवा झाला आणि जमिनीला टेकला, तरी कसला आवाज आला नाही. हात सगळ्यात शेवटी सुटले.

“टाकाचा नई, ठेवाचा,” नाना म्हणाले. “डाग पडला का व्यापारी हातबी लावत नई.”

ललिताने पहिल्या मुलीला विचारलं, “डोकं कुठे होतं नानांचं?”

“बाजूला.”

“डोळे?”

“उघडे.”

“हात कधी सोडले?”

“खाली टेकल्यावर.”

“बस. समोरची पोरगी म्हणजे घड. डाग पडता कामा नये.”

तिने कुणालाच पळायला लावलं नाही. आधी दोघी गुडघ्यांवर, मग उभ्याने, मग चालत. एखादीचं डोकं चुकीच्या बाजूला गेलं की ललिता नुसती आपल्या गालाला बोट लावायची. ओरडली एकदाही नाही. बारकी चूक तिला पाठमोरी असतानाही दिसायची, कशी ते मला आजही माहीत नाही. आणि खाली येणाऱ्या मुलीलाही तिने काम दिलं होतं: अंग गोल ठेव, बॉल छातीशी घे, हात बाहेर पसरू नको, घडाचा दांडा कुणी बाहेर काढून ठेवत नाही. ज्या पोरी वीस मिनिटांपूर्वी मागे सरकत होत्या, त्या आता आधी माझा नंबर म्हणून भांडत होत्या. कोपरांवर आपटलेल्या दोघींनीही सावकाश पळत येऊन टॅकल केला आणि उठून एकमेकींचे गुडघे झटकले. जे मी लेव्हल दोनच्या पुस्तकात चार पानं वाचून शिकलो होतो, ते ही मुलगी लहानपणापासून बागेत बघत आली होती. महत्त्वाचं म्हणजे, आपण काय बघतोय ते तिला कळलं होतं. तोच घड मी वर्षानुवर्षं फक्त खात होतो.

सात वाजले. मॅडमनी मला बाजूला घेतलं.

“ड्रिल कुणाचा?”

‘आमचा’ हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. तो खोटाही म्हणता आला नसता. पण बर्फ आठवला.

“ललिताचा. मी आज पहिल्यांदा पाहिला.”

“मग या तासात तुम्ही काय केलंत?”

“सतरा मिनिटं बोललो, मॅडम. नंतर बाजूला झालो.”

“दुसरं चांगलं जमलं,” त्या म्हणाल्या. “पुष्कळ कोचना तेच जमत नाही. तिला टॅकल पहिल्यांदा कुणी शिकवला?”

“मीच. असाच, वाईट.”

“तरी ती टिकली.” त्यांनी पिशवी खांद्याला लावली. “लेव्हल तीनला मला माणसं तयार करणारा माणूस हवाय. सोमवारपर्यंत नवा प्लॅन पाठवा. आज जे झालं तेच लिहायचं, तिच्या नावासकट. आणि तिचा लेव्हल दोनचा अर्ज त्याच पाकिटात घाला. हवामान तपासून.”

माझा प्रवेश झाला. ललिताचाही झाला. यंदा पाच शाळांचे शिक्षक आमच्याकडे टॅकल शिकायला येतात, एक तर धुळ्याहून एसटीने. शिकवते ललिता, हजेरी मी घेतो. यातून मी शिकलो ते एवढंच की उतरवायचंच असेल तर आधी आपल्या मैदानावर कोण उभं आहे ते बघावं.

शनिवारची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. मॅडम गेल्यावर, प्लॅनला जोडायला फोटो हवा म्हणून मी म्हटलं, घड ठेवताना माझाच काढा. घड खांद्यावर घेतला, डोकं बाजूला, गाल टेकलेला. गुडघे वाकवायचं मात्र विसरलो. घड धप्पकन आपटला, दोन फण्या तुटून मैदानावर पसरल्या, आणि बारा मुली इतक्या हसल्या की ललिताच्या हातातला फोन हलला.

नानांनी तुटलेली फणी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “मास्तर, तुमी लिवाचंच काम करा. तेबी पोरीले इचारून.”